वाऱ्याने केळी पडली? आधी मोजा, मग खांब कापा

जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, मुक्ताईनगर पट्ट्यात मे-जूनमध्ये घड लागलेली मृगबाग (आदल्या जून-जुलैत लावलेली केळी) उभी असते आणि वळवाची वादळंही तेव्हाच येतात. दरवर्षी तेच बघतो. संध्याकाळी बाग आडवी होते, सकाळी मजूर लावून खांब, म्हणजे केळीची खोडं, बांधावर जातात आणि पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा शेत साफ असतं. मग दाखवायचं काय?

फोटो आणि मोजणी झाल्याशिवाय एकही खांब हलवू नका.

सगळं वादळ शिवारभर सारखं फिरत नाही. कधी भोवऱ्यासारखा वारा चिंचोळ्या पट्ट्यातून जातो. तुमची बाग झोपते आणि शेजाऱ्याचं पानही फाटत नाही. वाऱ्याची नोंद घेणारं स्वयंचलित हवामान केंद्र असतं महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) हिशेबाने, बांधाबांधावर नाही. त्याच्या नोंदीत हा वारा सापडेलच याचा भरवसा धरू नका. अशा वेळी तुमचा पुरावा म्हणजे पडलेलं झाड, आणि ते कोणत्या बाजूला पडलं हेही. सरळ वाऱ्यात खांब बहुतेक एकाच दिशेला झोपतात. फिरत्या वाऱ्यात पट्ट्याच्या दोन्ही कडांचे खांब आत वळून एकमेकांवर पडलेले दिसतात. कागदावर शेताचा चौकोन काढा, उत्तर दिशा दाखवा आणि पडझडीचे बाण मारा. दहा मिनिटांचं काम आहे.

मोजताना चार रकाने करा: मुळासकट उपटलेली, मधून मोडलेली, कललेली, उभी. 5 बाय 5 फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण 1740 झाडं बसतात. सगळी मोजणं जमत नसेल तर पट्ट्याच्या मधल्या आणि कडेच्याही ओळी घ्या. नुसत्या मधल्या ओळी मोजून आकडा फुगवला की पंचनाम्यात वाद होतो. शासकीय मदतीला नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं, त्यामुळे 30 आणि 35 मधला फरक तुमच्या मोजणीवर ठरतो. नुसतं पान चिरलेलं झाड नुकसानीत धरू नका, ते घड पोसतं.

हवामान आधारित फळपीक विमा उतरवला असेल तर वेगाच्या वाऱ्याच्या नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यायची असते. घड्याळ वादळापासून सुरू होतं, तलाठी आल्यापासून नाही. रविवारही त्यात मोजला जातो. 14447 वर फोन करा किंवा क्रॉप इन्शुरन्स अॅपवर नोंदवा, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ‘साहेबांना सांगितलंय’ याला पुरावा म्हणत नाहीत.

सोबत ठेवा:
- सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, विम्याची पावती
- लोकेशन आणि वेळ चालू ठेवून काढलेले फोटो: चारही कोपऱ्यांतून, शिवाय गटाची ओळख पटेल अशी विहीर किंवा बांध दिसणारा एक
- तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवकांना दिलेल्या अर्जाची पोच

मोजणी उरकली की उशीर नको. तयार घड त्याच दिवशी उतरवा, भाव पडलेला असला तरी. कललेल्या झाडाची एका बाजूची मुळं जमिनीत घट्ट असतील तर बांबूचा टेकू किंवा पट्टी बांधून माती लावा. माझा अंदाज असा की दोन दिवसांत आधार मिळाला तर निम्म्याहून जास्त झाडं घड पोसून देतात. नंतर टेकू देण्यात अर्थ राहत नाही. मोडलेला खांब कापून त्याच बुंध्याचा एक जोमदार पील (बुडातून फुटलेला नवा कोंब) राखा, बाकीचे काढा. साचलेलं पाणी काढून द्या.

आता दुकानदार ‘झाडाला धक्का बसलाय’ म्हणत हजारांची टॉनिकं पुढे करेल. घेऊ नका. उभ्या झाडांच्या घडांवर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि 100 ग्रॅम युरिया, ही शिफारशीतली फवारणी पुरते. बुरशीनाशकाचीही घाई नको. पावसाळी हवेत करप्याचे (पानांवरच्या बुरशीच्या रोगाचे) ठिपके दिसले तर रोगट पानं कापून बागेबाहेर टाका आणि मगच फवारणीचं बघा.

वाचलेले पैसे बांबूला ठेवा. पुढच्या लागवडीला वारा अडवायला पश्चिम आणि दक्षिण बांधावर शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी आधी लावा, केळी नंतर.