खान्देशातल्या उन्हात गाडी: ए.सी., बॅटरी, फ्यूज आणि बाकीची बटणं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवं नाही. दुपारी दोन तास उन्हात उभी राहिलेली गाडी आतून ६० अंशांच्या पुढे तापते. स्टिअरिंगला हात लावता येत नाही आणि सीटबेल्टचं बक्कल चटका देतं. गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक मात्र साऱ्या देशासाठी एकच असतं. धूळ आणि उष्णता जास्त असलेल्या भागात देखभाल लवकर करावी, असं त्यात कुठेतरी एका ओळीत सांगितलेलं असतं. खान्देशात तीच ओळ आधी वाचायची. कामाला मुहूर्त होळीचा धरा. मे महिन्यात ए.सी.वाल्याकडे रांग लागलेली असते.

तापलेल्या गाडीत बसताना

आधी आतली गरम हवा बाहेर काढा. डावीकडची पुढची काच पूर्ण उतरवा आणि ड्रायव्हरचं दार पाच-सहा वेळा उघडा-मिटा. दार पंख्यासारखं काम करतं आणि कोंडलेली हवा पलीकडच्या उघड्या काचेतून बाहेर ढकलली जाते. मग इंजिन सुरू करा, चारही काचा खाली ठेवा, ए.सी. लावा आणि ब्लोअर मोठा करा. यावेळी हवा बाहेरून येऊ द्या. आत ६० आणि बाहेर ४४ अंश असताना आतलीच हवा फिरवली तर ए.सी.ला जास्त गरम हवा थंड करावी लागते. गाडी चालू लागल्यावर एक-दोन मिनिटांनी काचा चढवा आणि गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण असलेलं बटण दाबा. आता आतलीच, थंड होत आलेली हवा पुन्हापुन्हा फिरते आणि ए.सी.वरचा भार कमी होतो.

हे बटण दाबून तासन्‌तास गाडी चालवू नका. चार-पाच माणसं बसलेली असली की श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड आत साठतो, डोकं जड होतं, ड्रायव्हरला पेंग येते. धुळे ते नागपूरसारख्या लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा आत घ्या. पुढे धूर ओकणारा ट्रक असेल किंवा मातीचा रस्ता असेल, तेव्हा मात्र बाण गोलच असू द्या.

मुक्कामाच्या दोन-तीन मिनिटं आधी ए.सी.चं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा. डॅशबोर्डच्या आतली थंड जाळी ओली असते. ती सुकली नाही तर तिच्यावर बुरशी धरते. सकाळी ए.सी. लावल्याबरोबर येणारा ओल्या गोणपाटासारखा वास तिथलाच. सुगंधी डबी टांगून तो जात नाही.

उभ्या गाडीत लायटर, स्प्रेचा डबा, पॉवर बँक किंवा सॅनिटायझर ठेवू नका. आणि लहान मूल तर ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणूनसुद्धा ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान काही मिनिटांतच जीवघेणं होतं.

ए.सी. थंड करत नाही तेव्हा

गॅस संपला असेल, असं सगळे पहिल्यांदा म्हणतात. पेट्रोलसारखा गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. म्हणून गॅरेजला जाण्याआधी लक्षण नीट ओळखा.

हवा थंड येते पण जोर नाही: केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बुजलाय. जोर आहे पण हवा कोमट, आणि हायवेला थंड होऊन गावात, सिग्नलवर पुन्हा कोमट होते: पुढच्या कंडेन्सरवरचा (ए.सी.ची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरचा) पंखा फिरत नाही, किंवा कंडेन्सरच मातीने भरलाय. ब्लोअर फक्त सगळ्यात मोठ्या वेगावरच चालतो: ब्लोअरचा रेझिस्टर, म्हणजे त्याचा वेग कमी करणारा भाग, जळालाय. हा छोटा, स्वस्त भाग आहे. त्यासाठी अख्खी मोटर बदलायची गरज नसते. तासभर छान थंडावा देऊन मग हवाच बंद होते: आतल्या जाळीवर बर्फ धरलाय. ए.सी. बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर चालवा, बर्फ वितळेल. मग फिल्टर तपासा. डाव्या सीटच्या पायाशी गालिचा ओला होत असेल, तर पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीय. एरवी उभ्या गाडीखाली ए.सी.चं पाणी ठिबकतं, ते ठीकच.

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे (ग्लोव्ह बॉक्समागे) असतो आणि घरच्या घरी निघतो. कप्पा रिकामा करा. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटते आणि कप्पा खाली लोंबतो. एका बाजूला दोरी किंवा दांडी असेल तर ती काढा. मागे आडवं झाकण दिसेल. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबून ते काढा आणि फिल्टर हळू ओढा. काढतानाच त्याच्यावरचा बाण कुठे आहे ते बघा, कारण नवा फिल्टर त्याच दिशेने बसायला हवा. पुस्तकात १० ते १५ हजार किलोमीटर लिहिलेलं असलं, तरी रोज वावरापर्यंत जाणाऱ्या गाडीचा फिल्टर ५ हजारांना उघडून बघा. काळ्या मातीची धूळ बारीक असते, त्यात कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळचा तंतू मिसळला की फिल्टरवर नमद्यासारखा थर बसतो. फिल्टर झटका किंवा स्वच्छ बाजूने हलकी हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची पूर्ण हवा जवळून मारली तर कागद फाटतो. धुऊन पुन्हा बसवू नका. धुतल्यावर त्याच्या घड्या सैल पडतात.

कंडेन्सर बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे असतो. त्याच्या पात्या पत्र्यासारख्या पातळ. बागेच्या पाइपने, साध्या धारेने, इंजिन थंड असताना धुवा. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशरची धार जवळून मारली की पात्या आडव्या पडतात आणि हवेचा रस्ता कायमचा बंद होतो.

बॅटरी उन्हात खराब होते, थंडीत बंद पडते

जानेवारीच्या पहाटे धुळ्यात पारा एक आकडी होतो आणि सेल्फ नुसतं ‘कट्‌कट्’ करतं. दोष थंडीला दिला जातो, पण बॅटरीची हानी आधीच, एप्रिल-मेमध्ये झालेली असते. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, प्लेटा गंजतात, पाणी उडतं. थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि तोवर दुबळी झालेली बॅटरी तो देऊ शकत नाही.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी दारं उघडण्याआधीचा आकडा खरा. त्यासाठी बोनेट रात्रीच खटका ओढून अर्धं उघडं ठेवा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली गेली तर चार्ज करायलाच हवी. तशीच ठेवली तर प्लेटांवर पांढरा थर कडक होतो आणि मग ती चार्ज घेत नाही. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १३ च्या खालीच राहत असेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी घेतली तरी आठवड्याभरात तीच गत.

पाणी भरायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा. प्लेटांच्या वर एक ते दीड सेंटीमीटर पाणी हवं. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात, आर.ओ.च्या पाण्यातही काही क्षार उरतातच. ए.सी.चं ठिबकलेलं पाणी साठवून बॅटरीत घालतात, तेही टाळा, त्यात जाळीवरची धूळ असते. अॅसिड तर कधीच वरून टाकू नका. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

टोकांवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर आधी काळी, म्हणजे वजा बाजूची वायर सोडवा, मग लाल. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या ब्रशने घासा. बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं करून आधी लाल, मग काळी जोडा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांत घड्याळ पुसलं जातं आणि काचेचं एका दाबात वर जाणं बंद होतं. बहुतेक ठिकाणी काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ते परत सुरू होतं. नेमकी कृती पुस्तकात बघा.

गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते? वीज कुठेतरी झिरपतेय. बंद गाडीलाही घड्याळ आणि अलार्मसाठी थोडी वीज लागते; ती ५० मिलिअॅम्पियरच्या आत असावी. ३५ अॅम्पियर-अवरची बॅटरी तेवढ्यावर पंधरा दिवसांत निम्मी होते. डॅशकॅम किंवा जी.पी.एस. कायम जोडलेला असेल तर त्याच्या कितीतरी आधी.

दुसऱ्या गाडीने चालू करायची वेळ आली तर क्रम असा: लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकवर, दुसरं चांगल्या बॅटरीच्या अधिकवर. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या वजावर, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती लांब. काढताना उलट क्रम.

फ्यूज

हॉर्न, वायपर, चार्जिंगचं सॉकेट, काच: यातलं एखादंच बंद पडलं तर आधी फ्यूज बघा. एक पेटी डॅशबोर्डच्या खाली, दुसरी बोनेटमध्ये. कोणता फ्यूज कशाचा हे झाकणाच्या आत किंवा पुस्तकात असतं. चावी बंद करा, पेटीतल्या छोट्या चिमट्याने फ्यूज ओढा, उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली की तितक्याच अॅम्पियरचा नवा लावा. रंगावरून आकडा ओळखता येतो: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.

नवाही लगेच उडाला तर मोठा लावू नका, आणि चांदीचा कागद गुंडाळू तर नकाच. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. १५ च्या जागी ३० लावला की वायरच फ्यूज होते आणि धूर डॅशबोर्डमधून निघतो. सॉकेटचा फ्यूज बहुधा हवा भरायच्या पंपाने उडतो. तो १० अॅम्पियरच्या आसपास ओढतो. पंपावर आकडा बघा, इंजिन चालू ठेवा आणि त्याच वेळी त्या सॉकेटवर दुसरं काही लावू नका.

वरून फॉग लॅम्प बसवत असाल तर हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट; १२ व्होल्टवर साधारण ९ अॅम्पियर. हे हेडलाइटच्या वायरला छेद देऊन घेऊ नका. बॅटरीपासून वेगळी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अॅम्पियरचा फ्यूज, आणि दिव्यांची वीज बटणातून न नेता रिलेतून, म्हणजे बटणाच्या थोड्या विजेवर चालणाऱ्या खटक्यातून. हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चा बल्ब घातला की होल्डर वितळतो, म्हणून तेही नको. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. घामाचं तेल राहिलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

मळ्यातल्या घरी किंवा धान्याच्या गोदामाजवळ गाडी लावत असाल तर हवेचा बाण गोल करूनच गाडी बंद करा. उंदीर बाहेरच्या हवेच्या तोंडातून शिरतात आणि फिल्टर कुरतडून आत येतात. ती झडप बंद असेल तर एक वाट कमी होते. सीटखाली शेंगदाण्याची टरफलं, केळीची सालं ठेवू नका.

पाऊस आणि घाट

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं. जूनच्या आधी दरवर्षी बदला. जुन्या ब्लेडची लांबी मोजून न्या, दोन्ही बाजूंची बऱ्याचदा वेगळी असते. धुळीच्या काचेवर कोरडा वायपर फिरवू नका, आधी पाण्याची धार.

पावसात काच आतून धूसर झाली तर ए.सी. लावा, हवा काचेकडे वळवा आणि बाण गोल असेल तर काढा. ए.सी. हवेतली ओल काढतो, त्यामुळे काच अर्ध्या मिनिटात साफ होते. फडक्याने पुसत बसलात तर पुन्हा धूसर होते. धूसरपणा बाहेरून असेल तर उलट: काच फार गार झालीय, हवा काचेवरून वळवा, थंडावा कमी करा, वायपर फिरवा. मागच्या काचेवरच्या तारा आतून पुसताना तारांच्या दिशेने पुसा. तारांना छेद देत वर-खाली घासलं तर त्या तुटतात.

कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळ चढताना भरलेल्या गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागला तर ए.सी. बंद करा, काचा उतरवा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा. आत भाजल्यासारखं होईल, पण इंजिनची उष्णता बाहेर निघते. लाल दिवा लागला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण किमान पाऊण तास उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली उकळत असतं आणि तोंडावर उडतं.

रात्री उतरताना स्टिअरिंगच्या उजवीकडची, हेडलाइटचा झोत खाली करणारी ० ते ३ आकड्यांची छोटी चाकी बघा. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं आणि साधा लाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकटे असाल तर ०, पाच माणसं असतील तर १ किंवा २, डिकीही भरली असेल तर ३.