गावातील मधुमेह व थायरॉइडचा कल कसा नोंदवावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या गावात हे आजार खरोखर वाढत आहेत की केवळ तपासण्या वाढल्याने रुग्ण अधिक दिसत आहेत, हे ठरवायचे असेल, तर रुग्णसंख्येच्या आधी तपासलेल्यांची संख्या लिहावी. शिबिराला बहुधा त्रास असलेलेच येतात; म्हणून आशाताईंकडील घरयादीतून 30 वर्षांवरील व्यक्ती चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि पहाटेच केळीच्या बागेत गेलेल्यांसाठी दुसरी फेरी ठेवावी.

कमरेचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास वेगळी खूण करावी. आठ तासांच्या उपवासानंतरची साखर दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅम किंवा अधिक आल्यास चाचणी पुन्हा करावी. एकाच आकड्यावर कोणाला मधुमेही ठरवू नये. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी सोयीची खरी, परंतु सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत सिकलसेल आढळतो, आणि त्या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. तेथे उपाशीपोटीची साखरच मोजावी, असे माझे मत आहे.

थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या टीएसएच या संप्रेरकाची तपासणी दरवर्षी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. गर्भवतींची मर्यादा निराळी असल्याने त्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी. घरात खडेमीठ वापरतात की आयोडीनयुक्त, हेही विचारावे. त्यासाठी डबा उघडून पाहिलेला बरा.