मटणाच्या पंगतीत व्हीगन म्हणून बसताना

आषाढ लागला की कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत मित्रमंडळींच्या जेवणांचे बेत सुरू होतात. श्रावण सुरू होण्यापूर्वी एकदा तरी कोणाच्या तरी रानात, विहिरीच्या कडेला चूल मांडून मटण शिजवायचे, हे अनेकांचे वर्षानुवर्षांचे ठरलेले असते. अशा मंडळीत लहानाचा मोठा झालेला माणूस जेव्हा व्हीगन होतो, म्हणजे मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप आणि मधही सोडतो, तेव्हा काय खायचे यापेक्षा आता या माणसांत बसायचे कसे, याचीच चिंता त्याला अधिक छळते. माझे मांस दहा वर्षांपूर्वी सुटले, दूध त्यानंतर दोन वर्षांनी सुटले आणि माझे जवळचे सगळे मित्र आजही मटण खातात. त्यांच्यात राहून मला जे जमले आणि माझे जे चुकले, त्यावरून हे लिहीत आहे.

न खाणाऱ्याने खाणाऱ्यांत कसे राहावे, याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे आणि ती माळकऱ्यांनी घालून दिली आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस आणि दारू सुटते. गावच्या जत्रेत घरोघरी बोकड शिजत असताना माळकऱ्यांसाठी वेगळ्या चुलीवर साधा स्वयंपाक होतो. त्यांना कोणी आग्रह करत नाही आणि तेही शेजारच्या ताटाकडे पाहून नाक मुरडत नाहीत. एकदा माळ घातली, गावाला कळले, की तो विषय तिथेच मिटतो. आपणही आपला निर्णय असाच एकदा, स्पष्ट शब्दांत आणि जेवणाच्या कितीतरी आधी सांगून ठेवावा. ‘आज नको’, ‘बघू नंतर’, ‘पोट बरे नाही’ अशी उत्तरे दिली की पुढच्या खेपेला आग्रह दुपटीने होतो. मी पहिले सहा महिने पोटाचीच सबब सांगत राहिलो. शेवटी एक मित्र मला डॉक्टरकडे नेण्यासाठी गाडी घेऊन दारात आला, तेव्हा त्याची काळजी पाहून मला फार अपराधी वाटले आणि मी त्याला खरे ते सांगून टाकले.

मात्र माळकऱ्याची वाट आपल्याला एका टप्प्यापर्यंतच उपयोगी पडते, कारण माळकरी दूध पितो. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सहकारी शाकाहारी मंडळींपासून वेगळे झाले, तेही दुधाच्याच प्रश्नावरून, आणि त्यातूनच ‘व्हीगन’ हा शब्द जन्माला आला. मांस का सोडले, हे आपल्याकडे कोणालाही पटकन समजते. दुधाने काय होते, हा प्रश्न मात्र शाकाहारी आणि मांसाहारी दोघेही सारख्याच आश्चर्याने विचारतात. त्याचे उत्तर नीट तयार असावे आणि ते शांतपणे देता यावे.

मी उत्तर म्हणून आकडे सांगत नाही, पाहिलेली गोष्ट सांगतो. एका ओळखीच्या गोठ्यात म्हशीचे रेडकू मेले होते. म्हैस पान्हा सोडीना, म्हणून त्याच रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवले होते. ती त्या कातड्याला कानापासून शेपटीपर्यंत चाटत होती आणि चाटता चाटता तिला पान्हा फुटत होता. म्हैस दहा महिने गाभण राहून व्याल्याशिवाय दूध देत नाही, तिच्या नर रेडकाला गोठ्यात फारसे काम नसते आणि दूध आटल्यावर तिला कुठे विकतात, हे शेतकरी मित्रांना माझ्याहून चांगले ठाऊक असते. म्हणून त्यांना ते शिकवायला जाऊ नये. ज्याच्या घरी उसाचे पैसे वर्षातून एकदा आणि दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, ज्याच्या मुलांची फी त्या बिलातून भरली जाते, त्याला क्रूर ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण जे पाहिले ते आणि त्यानंतर आपल्याला दूध का गिळवेना तेवढे सांगावे आणि थांबावे. ऐकणारा काही क्षण गप्प झाला, तर त्या शांततेत आपण आणखी शब्द भरू नयेत.

जेवणाचा बेत ठरत असतानाच दोन गोष्टी मिटवून टाकाव्यात. पहिली पैशाची. कॉन्ट्री निघते तेव्हा मटणाचे पैसे देणार नाही, पण तांदूळ, भाकरी, सरपण, प्रवास यांतला वाटा पूर्ण देईन, असे आधीच सांगावे आणि जेवण झाल्यावर हिशेब करताना हा विषय काढू नये. थोडे जास्त गेले तरी चालेल. कमी देऊन मोकळा झाला असे कोणाला वाटता कामा नये. दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. मी मटण आणायला जात नाही आणि जत्रेत बोकड कापण्याच्या वेळी तिथे थांबत नाही, नंतर येतो. भाकऱ्या थापणाऱ्यांना मदत करणे, पाणी भरणे, कांदे चिरणे, चूल सारखी पेटती ठेवणे ही कामे मी आपणहून मागून घेतो. काहीही न करता फक्त आपल्या वेगळ्या भाजीची वाट पाहत बसणारा माणूस मंडळींना जड वाटतो, आणि त्यात त्यांचे चुकत नाही.

आणि सोबत डबा नेऊ नये, पातेले न्यावे. या एका बदलाने माझे जितके काम सोपे केले, तितके कोणत्याही युक्तिवादाने केले नाही. एकट्यापुरता डबा उघडून बसलेला माणूस पंगतीत असूनही वेगळाच दिसतो, तर सगळ्यांना पुरेल इतके काही घेऊन आलेला माणूस पंगतीचाच असतो. पण नेलेला पदार्थ तडजोडीचा नसावा, खाणाऱ्यांच्या जिभेला मान देणारा असावा. कच्च्या काकडीची कोशिंबीर घेऊन मटणापुढे उभे राहू नये. झणझणीत अख्खा मसूर, वांग्याचे भरीत आणि खरडा, कोकणात असाल तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी, गोव्यात खतखते, नगर-जुन्नरकडे मासवडी. हे सगळे मुळातच दुधाशिवाय होते, फक्त वरून तूप-लोणी घालण्याचा मोह टाळायचा.

मी बहुतेक वेळा पांढरा रस्सा नेतो. नेहमीचा पांढरा रस्सा मटण शिजवलेल्या पाण्यावर उभा असतो, त्यामुळे ‘तुकडे नको तर नुसता रस्सा घे’ हा प्रेमळ आग्रह आपल्याला मान्य करता येत नाही. त्या पाण्याऐवजी मी अळंबी, कांदा, आल्याचा मोठा तुकडा, लसूण, मिरे, लवंग आणि तमालपत्र तासभर मंद उकळून गाळून घेतो. दहा जणांसाठी दोन मोठ्या नारळांचे दूध, पाव वाटी तीळ, दोन चमचे खसखस आणि मूठभर काजू लागतात. तीळ, खसखस आणि काजू भिजवून गंधासारखे वाटावे, थोड्या तेलावर खडा मसाला आणि आले-लसूण परतून त्यात ते वाटण घालावे, मग गाळलेले पाणी ओतून चांगले उकळावे. नारळाचे दूध सगळ्यात शेवटी घालावे आणि त्यानंतर आच अगदी मंद ठेवावी, कारण खळखळून उकळी आली की दूध फुटते आणि रस्सा चोथापाणी होतो. शिजलेली अळंबी त्यातच सोडावी. मीठ चुलीजवळ पोचल्यावर चाखून घालावे.

बाहेर खाताना काही जागी लक्ष द्यावे लागते. कोकणात दोडक्याच्या किंवा वांग्याच्या भाजीत जवळा किंवा सोडे असू शकतात आणि ती भाजी ‘साधी भाजी’ म्हणूनच वाढली जाते. हॉटेलातल्या डाळीच्या फोडणीत तूप, नानच्या पिठात दही आणि पावभाजीवर लोणी असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्या कामाचा नाही, कारण तो दूध आणि तूप असलेल्या पदार्थांवरही असतो. घटकांची यादी वाचावी. व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम २०२२ मध्ये आले आणि त्यांचे स्वतंत्र चिन्हही आहे, पण आपल्या रोजच्या दुकानांत ते अजून क्वचित दिसते. हॉटेलात वाढप्याला बारा प्रश्न विचारून मित्रांना ताटकळत ठेवण्यापेक्षा ‘तूप, लोणी, दूध, दही काहीच नको’ एवढे एकदाच सांगावे. चुकून काही पोटात गेले, तर आरडाओरडा करू नये. पुढच्या वेळी आधी विचारावे.

आता एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कोण काय खातो यावरून माणसाची जात ओळखण्याची आणि त्याची पायरी ठरवण्याची खोड फार जुनी आहे. मांसाहारी भाडेकरू नको म्हणणारे घरमालक शहरांत आजही भेटतात, आणि आपण मांस खात नाही हे कळले की ते आपल्याला आपल्यातला समजून मोकळेपणाने बोलू लागतात. तिथे गप्प बसू नये. माझ्या मित्राला नाकारलेले घर मला त्याच कारणाने मिळत असेल, तर ते मी घेणार नाही, असे तोंडावर सांगावे. आपण मांस सोडले ते प्राण्याच्या वेदनेमुळे. खाणारा माणूस विटाळाचा आहे म्हणून नव्हे. म्हणूनच ‘शुद्ध’ हा शब्द आपल्या आहाराला कधीही लावू नये आणि दुसऱ्याच्या ताटातल्या अन्नाला घाण म्हणू नये. एकाच पळीने दोन्ही पातेली ढवळली गेली, तर त्याने कोणत्याही बोकडाचे आयुष्य वाढत किंवा घटत नाही. तरीही मटणाचा वास सहन होत नसेल, आणि काहींना तो खरोखर होत नाही, तर आपली पळी आणि आपले ताट आपणच सोबत न्यावे.

माझ्याकडून या बाबतीत एक मोठी चूक झाली आहे. एका मित्राच्या मुलाच्या वाढदिवसाला, सगळे जेवत असताना, त्या ताटातला जीव किती महिन्यांचा होता ते मी बोलून गेलो. मित्राची आई पहाटेपासून स्वयंपाकघरात राबली होती. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तिची क्षमा मागितली, तिने चहा दिला, तोही माझ्यासाठी कोरा. पण त्या घरात कोणाशीही प्राण्यांविषयी बोलण्याचा माझा मार्ग पुढची दोन वर्षे बंद झाला होता. तेव्हापासून ताटावर बसल्यावर मी या विषयाचे एक अक्षरही काढत नाही. कोणी ताटावरच विचारले, तर ‘जेवण झाल्यावर बोलू’ म्हणतो आणि खरोखर विचारायचे असते तो जेवणानंतर हात पुसत माझ्याजवळ येऊन बसतो.

झाडांनाही जीव असतो, हा प्रश्न हमखास येतो. त्याला चिडू नये. झाडाला मेंदू आणि मज्जातंतू नसतात, आणि जनावराला जगवण्यासाठी आपण खातो त्याहून कितीतरी अधिक वैरण कापावी लागते, इतके सांगितले तरी पुरते. प्रथिनांचा प्रश्न डाळी, उसळी, शेंगदाणे आणि सोयाबीन यांनी सुटतो. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गरज भागवायला तीळ आहेत आणि नाचणी आहे, जिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यावी आणि वर्षातून एकदा रक्त तपासावे. हे मित्रांपासून लपवू नये. मित्र तब्येतीवरून बोलतात ते बहुधा काळजीपोटी, आणि हातापायाला मुंग्या येत असताना सगळे ठीक आहे असे म्हणणे हा त्या काळजीचा अपमान आहे.

कोणी मांस कमी केले, तर त्याची जाहीर वाच्यता करू नये आणि लगेच पुढचे पाऊलही मागू नये. गेल्या आखाडात आमच्यातला जो सगळ्यात खवय्या, तो मटणाच्या पातेल्यातली पळी घेऊन माझ्या रश्श्याकडे वळला, मध्येच थांबला आणि मोटारीच्या पाण्याखाली ती पळी राखेने घासून परत आला. मी त्याला तसे करायला कधीही सांगितलेले नव्हते. त्याने वाटीभर पांढरा रस्सा घेतला, उभ्या उभ्या प्यायला, दुसरी वाटी भरली आणि विचारले, “तीळ भाजून घातलंयस की कच्चं?” मी म्हटले, कच्चे, दोन तास भिजवून, भाजले की रंगाला तांबूस झाक येते.