क्रेडिट म्हणजे जमा, पण कोणाच्या वहीत?

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी ज्या हार्डवेअरच्या दुकानाचे अकाउंट्स बघते तिथले काका रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मोबाईलवर बँकेचा एसएमएस आलाय का बघायचे, कारण एका कंपनीकडनं मेल आला होता, 'अमाउंट हॅज बीन क्रेडिटेड टु युवर अकाउंट', खराब निघालेल्या मालाचे ११,८०० रुपये. बारा-तेरा दिवस झाले तरी एसएमएस काही येईना. शेवटी काकांनी फोन लावला आणि पैसे टाकले म्हणून खोटं कशाला सांगता म्हणून झापलं, तर पलीकडचा माणूस शांतपणे म्हणतोय की सर टाकलेत की, लेजर बघा. दोघंही खरंच बोलत होते. कंपनीचं 'अकाउंट' म्हणजे त्यांच्या पुस्तकातलं काकांचं खातं, आणि काकांनी धरलं ते बँकेतलं.

म्हणून क्रेडिट हा शब्द दिसला की आधी एकच विचारायचं, कोणाच्या वहीत? एवढं कळलं तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पासबुकापासून सुरू करू. खात्यात क्रेडिट म्हणजे पैसे आले हे सगळ्यांना पाठ असतं. मग टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, क्लासला गेलं की सर सांगतात पैसे आले की बँक डेबिट करा, आणि पोरं तिथेच गार पडतात. पासबुक आपल्या कपाटात असलं तरी वही बँकेची आहे हो! आपण ५,००० भरले की बँक आपलं तेवढं देणं लागते, ते तिने तिच्या वहीत आपल्या नावाने जमा केलं, झालं क्रेडिट. आपल्या वहीत तेच ५,००० बँकेकडून येणं आहे, म्हणून बँक डेबिट. व्यवहार एकच, बघणारे दोन, म्हणून बाजू उलट. कॅश क्रेडिट म्हणजे सीसीचं, धंद्यासाठी बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणारं खातं असेल तर अजून मजा, तिथे स्टेटमेंटला शिल्लक ४,२०,००० डीआर (डेबिट) दिसते आणि नवीन माणूस खूश होतो की एवढे पैसे आहेत, प्रत्यक्षात तेवढे आपण बँकेचे वापरून बसलेलो असतो. सीसीला सीआर (क्रेडिट) दिसलं तर समजायचं की आपलेच पैसे बँकेकडे पडून आहेत.

खरं तर आपल्या भाषेत हे किती सरळ आहे. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. किराणा दुकानात आपण म्हणतो ना 'माझ्या नावावर लिहा', ते म्हणजे मला डेबिट करा असंच सांगणं आहे, आणि तोच दुकानदार त्याच वेळी आपल्याला माल क्रेडिटवर देत असतो म्हणजे उधारीवर. मला हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं ते एका जुन्या दिवाणजींमुळे. त्यांची सगळी हयात लाल बाइंडिंगच्या कीर्द-खतावणीत गेलेली, देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, आणि इंग्रजी पद्धतीत बरोब्बर उलटं, डेबिट डावीकडे. ते कॉम्प्युटरच्या स्क्रीनकडे बघून म्हणायचे, 'पोरी, तुमचं सगळं आरशातलं आहे.' पण बाजू चुकली तरी त्यांचा जमा-नावेचा अर्थ कधी चुकला नाही, आमचा मात्र बाजू पाठ असून चुकतो.

आता क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम तुमच्या खात्यात जमा केली असं सांगणारा विकणाऱ्याचा कागद. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, त्या ११,८०० चंच उदाहरण घेऊ. काकांनी एक लाखाचा माल घेतला, १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,०००. त्यातला १०,००० चा माल परत गेला, त्यावरचा टॅक्स १,८००, म्हणून कंपनीने ११,८०० ची क्रेडिट नोट पाठवली. दुकानात नवीन लागलेल्या मुलीने कागदावर वर मोठ्या अक्षरात 'क्रेडिट नोट' वाचलं आणि टॅलीत क्रेडिट नोटचंच व्हाउचर उघडून एंट्री मारली. तिची काही चूक नाही, नाव तर तेच आहे! पण तो कागद कंपनीच्या वहीतला आहे, त्यांनी काकांना क्रेडिट केलं. आपल्या वहीत आपण कंपनीला डेबिट करायचं, म्हणजे टॅलीत डेबिट नोटचं व्हाउचर, टॅली प्राइममध्ये ऑल्ट एफ५. क्रेडिट नोटचं व्हाउचर (ऑल्ट एफ६) हे आपलं गिऱ्हाईक आपल्याला माल परत करतं तेव्हाचं.

परिणाम काय झाला बघा. देणं १,०६,२०० राहायला हवं होतं, ते १,२९,८०० दिसायला लागलं. कंपनीच्या स्टेटमेंटशी जुळवायला बसलो तर फरक २३,६००, आणि त्या रकमेचं बिल कुठेच सापडेना. इथे एक जुनी युक्ती सांगते, फरक सापडत नसेल तर तो निम्मा करा आणि ती रक्कम शोधा. २३,६०० चे निम्मे ११,८००. निम्मी रक्कम लेजरला सापडली की समजायचं एंट्री उलट्या बाजूला पडलीय. आम्हाला दोन मिनिटांत सापडली, त्याआधी दीड तास चहावर घालवला होता तो वेगळा.

आणि फक्त एंट्री सरळ करून भागत नाही. खरेदीच्या वेळी आपण १८,००० इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलेलं असतं, त्यातले हे १,८०० परत करावे लागतात, कंपनीने क्रेडिट नोट त्यांच्या रिटर्नला दाखवली की ती आपल्या टूबीत (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या आपल्या इनपुट क्रेडिटच्या यादीत) येते, तिथे मिळवून बघायचं. आपणच गिऱ्हाईकाला क्रेडिट नोट देणार असू आणि टॅक्स कमी करून हवा असेल तर ज्या आर्थिक वर्षात माल विकला ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरच्या आत ती रिटर्नला दाखवावी लागते, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या तारखेपर्यंतच. 'बघू मार्चला' म्हणत ड्रॉवरमध्ये टाकलेल्या क्रेडिट नोटांनी लोकांचे टॅक्सचे पैसे बुडालेत.

इनपुट क्रेडिटमधलं क्रेडिट म्हणजे सरकारच्या वहीत आपल्या नावाने जमा. एक्स्पोर्टसारखे अपवाद सोडले तर ते बँकेत काढता येत नाही, टॅक्स भरायलाच वापरायचं. अजून एक, सप्लायरला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं.

क्रेडिटर हा शब्द पण लोक उलटा वापरतात. ज्याला आपण क्रेडिट दिलं तो क्रेडिटर असं वाटतं, पण तो ज्याने आपल्याला दिलं तो, म्हणजे धनको. टॅलीत संड्री क्रेडिटर्सखाली आपले सप्लायर जातात, उधारीवाली गिऱ्हाइकं डेटर्समध्ये.

मग क्रेडिट पिरियड. कोणी म्हणालं '३० दिवसांचं क्रेडिट देतो' तर लगेच मान डोलवू नका, कुठल्या तारखेपासून ते विचारा. बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून? ट्रान्सपोर्टला आठ दिवस गेले तर तुमचे ३० चे २२ होतात. आणि माल बनवणारा सप्लायर उद्यमला (सरकारच्या लघुउद्योग नोंदणी पोर्टलवर) नोंदणी झालेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार नसताना १५ दिवस आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यापुढे गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. तोंडी ९० दिवस ठरलंय याला तिथे किंमत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर अशा उशिरा दिलेल्या पैशाचा खर्च इन्कम टॅक्सला ज्या वर्षी खरंच पैसे दिले त्याच वर्षी धरतात, म्हणून मार्च आला की सगळीकडे उद्यमचं सर्टिफिकेट मागणारे मेल फिरायला लागतात.

बाकीचे अर्थ पटापट. क्रेडिट सोसायटी म्हणजे आपली पतसंस्था. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे कागदपत्रं बरोबर असतील तर पैसे मी देईन अशी बँकेची हमी, बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते, स्पेलिंगची चूकसुद्धा महागात पडू शकते. क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि सिबिलसकट चारही क्रेडिट ब्युरोंनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा त्यासाठी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. मूळ लॅटिन शब्द क्रेदेरे, म्हणजे विश्वास ठेवणं. बाजारात 'त्याची पत आहे' म्हणतात ते हेच, आणि पतसंस्थेच्या बोर्डवर तो शब्द आपल्याकडे आधीपासून आहे हे आपण सोयीस्कर विसरतो.

मेलवर काय लिहायचं तेही सांगते. 'प्लीज क्रेडिट अवर अकाउंट' असं मोघम लिहू नका. पैसे बँकेत हवे असतील तर सरळ 'रिफंड' आणि 'बँक ट्रान्सफर' हे शब्द घाला आणि यूटीआर नंबर, म्हणजे बँक ट्रान्सफरचा ओळख क्रमांक, मागा. पुढच्या बिलात वळते चालणार असतील तर 'इश्यू अ क्रेडिट नोट अँड अ‍ॅडजस्ट अगेन्स्ट' लिहून पुढे बिल नंबर टाका. 'क्रेडिटेड' एवढाच शब्द असलेला मेल आला तर त्यालाच रिप्लाय करून क्रेडिट नोटचा नंबर आणि तारीख मागायची. काकांनी आता हे मराठीत करून टाकलंय, ते कंपनीच्या माणसाला थेट विचारतात, 'साहेब, वहीत टाकले की बँकेत?'