आवाज शोधण्याआधीची तयारी: सांगलीच्या मातीवर पळणाऱ्या गाडीसाठी

रेस कारमध्ये बिघाडाचा आवाज कुठून येतो हे शोधायला पाना हातात घेण्याआधी गाडी धुवा. सांगली-मिरजेकडची काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते, वाळली की दगड होते, आणि वेग वाढला की अख्खी गाडी थरथरते. बेअरिंग गेलं म्हणून उतरवलेली कितीतरी चाकं नुसती चिखलानं जड झालेली असतात. ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात अडकलेला खडा काढा, सम्प गार्डवर (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावर) साचलेले दगड झटका. सीटचे, बेल्टचे बोल्ट, फायर एक्स्टिंग्विशर, बॅटरीची पट्टी, सगळं हातानं हलवून बघा. आतलं अस्तर काढलेल्या गाडीत एक सैल नटसुद्धा इंजिन फुटल्यासारखा वाजतो. रेस गिअरबॉक्समधले सरळ दातांचे गिअर मात्र रडणारच, त्यांचा तो स्वभाव आहे.

सामान फार लागत नाही: दोन माणसं, काँक्रीटची जमीन, जॅक, चार स्टँड, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळायचा पाना), लोहचुंबक, वही आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. तो नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भागावर टेकवा, मुठीला कान लावा. गळ्यात उपरणं-मफलर नको. बेल्ट आणि फॅन जवळच फिरत असतात.

आता ताल. 185/60 आर 14 टायरचा घेर साधारण 1.8 मीटर, म्हणजे ताशी 60 ला चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. 3000 आरपीएमला (मिनिटाला फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट 25 वेळा. फोनवर आवाज घ्या, हळू करून ठोके मोजा आणि या आकड्यांशी जुळवा. बंद मैदानात (रेस कार मिरज रोडवर काढू नका) वेग तोच ठेवून गिअर बदला. ताल तसाच राहिला तर चाक, ॲक्सल किंवा डिफरन्शियल. आरपीएमबरोबर बदलला तर इंजिन नाहीतर क्लच. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये: क्लच दाबल्यावर आवाज आला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग.

डावीकडे वळताना घरघर वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण भार तिकडं जातो. चाक उचलून वरखाली हलवा. ढिलाई लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट. आडवं हलवताना लागली तर टाय रॉडही (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) बघा. पूर्ण स्टिअरिंग वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर टकटक आली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (ॲक्सलचा चाकाकडचा वळणारा सांधा).

इंजिनाच्या बाबतीत घाई करू नका, इथंच पैसे जातात. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज हलका, कॅमच्या तालावर. बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) जड, 2500-3000 आरपीएमवरून ॲक्सिलरेटर सोडताना जास्त उघडा पडणारा. एकेका इंजेक्टरचं (सिलिंडरला इंधन देणाऱ्या भागाचं) कनेक्टर काढा. ज्या सिलिंडरला आवाज मंदावतो तिथं दोष. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळतीही अशीच मंदावते, म्हणून आधी थंड इंजिनावर ऐका: तापल्यावर टिकटिक कमी झाली आणि गास्केटजवळ काजळी दिसली तर क्रँकवर शंका घेऊ नका. बिग एंडची शंका पक्की वाटली तर लगेच बंद करा, रेस देऊन खात्री करत बसू नका. मग धातूचा चुरा आहे का बघायला ऑइल फिल्टर कटरनंच उघडा. हॅकसॉनं कापला तर पात्याचाच चुरा आत पडतो. फिल्टरच्या कागदाच्या घड्या पिळून पांढऱ्या कापडावर उन्हात पसरा. चुंबकाला चिकटलं ते पोलाद, तांबूस दिसलं ते बेअरिंगच्या आतल्या थराचं.

हब बेअरिंग बदलायचं ठरलं तर हातोडा बाजूला ठेवा. कुपवाड एमआयडीसीत प्रेस असलेलं शॉप आणि त्यांचा सुट्टीचा वार आधीच विचारून ठेवा. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायला सांगा. आतल्या रिंगवर दिला तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच फेरीला घरघरतं.