तिसाव्या दिवसाचा फोन

एमएस (शल्यचिकित्सेची पदव्युत्तर पदवी) झाल्यावर बंधपत्राची सेवा करायला मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपजिल्हा रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा माझी सगळी काळजी ओटीपुरती, म्हणजे ऑपरेशन थिएटरपुरती होती. भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस यायचे, रक्त लागलं तर जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस पाठवायचा, वीज गेली की जनरेटर लागेपर्यंत टॉर्च. याची सवय दोन महिन्यांत होते. अशा ठिकाणी नव्याने येणाऱ्यांना मला सांगायचं आहे ते रुग्ण घरी गेल्यानंतरचं.

पहिले सहा महिने माझ्या रजिस्टरात हर्नियाच्या प्रत्येक रुग्णापुढे एकच शेरा असायचा: 'प्रकृती ठीक, घरी सोडले.' टाके काढायला बरेच जण फिरकायचेच नाहीत. आले नाहीत म्हणजे बरे असणार, असं मी धरून चालले होते. मग एकदा एक आशाताई बाळंतिणीला घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मॅडम, वरच्या पाड्यावरचे ते हर्नियावाले बाबा, त्यांच्या जखमेतून तीन आठवडे पू येतोय."

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावून घेतलं. आधी का आला नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, "पेरणी होती ना. आणि दोन जीपा बदलाव्या लागतात." आवाजात तक्रार अजिबात नव्हती, तेच मला फार लागलं. जखम उघडून धुतली. ती भरायला पुढे महिना गेला.

त्या आठवड्यात मी वेगळं रजिस्टर घातलं. नाव, पाडा, शस्त्रक्रिया, त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीतला क्रमांक, आशाताईंचा नंबर, घरात फोन नसेल तर किराणा दुकानाचा. तिसाव्या दिवशी फोन, कारण शस्त्रक्रियेच्या जखमेतला जंतुसंसर्ग साधारणपणे ३० दिवसांपर्यंत मोजतात आणि कित्येक जखमा रुग्ण घरी गेल्यावरच चिघळतात. मी फोन केला की लोक "ठीक आहे" म्हणून मोकळे व्हायचे. आमचे कक्षसेवक दादा पावरीत, इथल्या लोकांच्या बोलीत, बोलायला लागले तेव्हा खरं कळू लागलं. जखम कोरडी आहे का, ताप आला का, मधे कुणाकडे सुई घेतली का, कामाला लागलात का, एवढंच ते विचारत.

चार महिन्यांनी पानं चाळली तर चिघळलेल्या बहुतेक जखमा यादीत शेवटी असलेल्यांच्या निघाल्या. अँटिबायोटिक सगळ्यांना सकाळच्या राउंडला वॉर्डातच दिलं जायचं, शेवटची केस मात्र दुपारी लागायची. ते चीर देण्यापूर्वी तासाभराच्या आत मिळायला हवं, हे मी परीक्षेत लिहून आले होते! आता इंजेक्शन ओटीत, टेबलावर, सिस्टर वेळ मोठ्याने सांगून देतात. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेने कपडे-अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, ड्रमही आम्ही खच्चून भरायचो. बाहेरची टेप रंग बदलते म्हणून आतल्या कपड्यांपर्यंत वाफ पोचलीच असं नसतं. वाफ पोचली की रंग बदलणारी इंडिकेटर पट्टी गठ्ठ्याच्या मधोमध ठेवा.

असं मोजूनच स्वस्त उपाय सापडतात. पोट शिवायला घेण्यापूर्वी हातमोजे आणि अवजारं बदलली तर काय होतं, हे भारतासह ७ देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३ हजारांहून अधिक रुग्णांवर पाहिलं गेलं. २०२२ साली निष्कर्ष आला: ३० दिवसांतला जंतुसंसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर. खर्च हातमोज्यांच्या जोड्यांचा आणि वेगळ्या ठेवलेल्या मोजक्या अवजारांचा. आम्ही लगेच सुरू केलं. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचाही याच वाटेवरचं. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनी १९९०च्या दशकात, हर्नियात आतून आधाराला बसवतात त्या महागड्या जाळीऐवजी, निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं. पुढे युगांडातल्या एका चाचणीत तशाच स्वस्त जाळीच्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं, आणि ती महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. वर्षभराने ते रुग्ण शोधून तपासले नसते, तर त्या कापडावर कुणी विश्वास ठेवला असता?

आकडे वाईट आले की सिस्टर आणि कक्षसेवकांवर ओरडू नका. एकदा ओरडलात की दुसऱ्या महिन्यापासून सगळ्या जखमा कोरड्याच लिहून येतील. माझ्या हातच्या चिघळलेल्या केसही मी मासिक बैठकीत सगळ्यांपुढे वाचते.

आणि एक. दिवाळीनंतर इकडची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेव्हा पाड्यावर फोन करून कुणी सापडत नाही. डिस्चार्ज कार्ड लिहितानाच कुठल्या टोळीबरोबर जाणार ते विचारा आणि मुकादमाचा नंबर उतरवून घ्या.