रोमन अवशेषांचा अभ्यासदौरा : भिंत वाचायला शिकण्यासाठी

रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी पट्टीवर मोठ्या अक्षरांत एक लेख कोरलेला आहे. लुसिउसचा पुत्र मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) असताना ही वास्तू बांधली, असे तो सांगतो. अग्रिप्पाचे हे तिसरे कॉन्सलपद इ.स.पू. २७ मधले असल्याने ही वास्तूही त्याच काळातील असावी, असे दीर्घकाळ मानले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंतींतील विटांवरचे शिक्के तपासण्यात आले, तेव्हा आजची वास्तू इ.स.च्या दुसऱ्या शतकातील, म्हणजे सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत पुरी झालेली असल्याचे स्पष्ट झाले. आधीच्या मंदिराचे श्रेय नव्या वास्तूवर तसेच ठेवले गेले होते. इटलीला अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याने ही हकिकत निघण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी, कारण या दौऱ्यात शिकायचे असते ते हेच : लेखापेक्षा वीट काय सांगते ते पाहणे.

त्यासाठी निघण्यापूर्वी एकच प्रश्न निवडावा. ‘रोमन संस्कृती समजून घेणे’ हा प्रश्न नव्हे. रस्त्यालगतच्या दुकानांचा आणि त्यांच्या मागील घरांचा संबंध काय होता, किंवा सार्वजनिक स्नानगृहांत पाणी कोठून येत होते आणि कोठे जात होते, असा प्रश्न असावा, म्हणजे कोठे थांबायचे आणि कोठून पुढे निघायचे हे तोच ठरवतो. आठ दिवस हाताशी असतील तर चार रोमसाठी आणि चार नेपल्ससाठी ठेवावेत. उत्तरेकडची शहरे या दौऱ्यात जोडण्याचा मोह टाळावा. जुलै-ऑगस्टच्या उन्हात उघड्या अवशेषांमध्ये दुपारी रेखाटन करणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा.

बहुतेक जण सुरुवात कोलोसियमपासून करतात. माझ्या मते ती ओस्तियापासून करावी. टायबर नदीच्या मुखाशी वसलेले हे रोमचे बंदर गाळाने भरत गेले आणि हळूहळू ओस पडले, त्यामुळे बहुमजली भाड्याची घरे, गोदामे, धोबीखाने आणि व्यापाऱ्यांच्या दालनांसमोरील मोझेक तेथे एकाच दिवसात पायी पाहता येतात. पिरामिदे मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून गाडी मिळते आणि साधारण अर्ध्या तासात ओस्तिया आंतिका येते. सोमवारी हे स्थळ बंद असते. परतताना त्याच स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर मोंते तेस्ताच्चो ही टेकडी आहे. ती प्रामुख्याने तेलाच्या फुटलेल्या अँफोरांच्या, म्हणजे दोन कानांच्या उभट मातीच्या रांजणांच्या, खापरांची बनलेली असून तिची उंची सुमारे ३५ मीटर आहे. वर जाण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, पण पायथ्याशी उभे राहूनही खापरांचे थर दिसतात.

ओस्तियातील पहिला तास एकाच भिंतीसमोर घालवावा. विटांची दिसणारी भिंत आतून विटांची नसते. आत चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडगोटे यांचे काँक्रीट असते आणि वीट हा केवळ बाहेरचा पापुद्रा असतो. जेथे भिंत तुटलेली आहे तेथे तिचा छेद पाहावा : त्रिकोणी विटांची टोके आत काँक्रीटमध्ये रुतलेली आणि सपाट बाजू बाहेर, अशी रचना स्पष्ट दिसते. त्यानंतर विटांचे पाच थर आणि त्यांच्यासोबतच्या पाच दरजा (थरांमधील चुन्याचे सांधे) मिळून किती उंची भरते, ते मोजावे. सामान्यतः पहिल्या शतकातील चांगल्या कामात दरजा बारीक असतात, आणि चौथ्या शतकाकडे येताना चुन्याचा थर विटेइतका जाड होत जातो. मात्र हा केवळ कल आहे, त्यावरून वर्ष ठरवता येत नाही. विटेवर पेटिनुस आणि अप्रोनियानुस या कॉन्सलांची नावे असलेला शिक्का दिसला, तर ती वीट इ.स. १२३ मधली समजावी. भिंत मात्र त्या वर्षाची किंवा त्यानंतरची असू शकते, कारण साठवलेल्या आणि जुन्या इमारतींतून काढलेल्या विटाही सर्रास वापरल्या जात. विटेऐवजी लहान चौकोनी दगड जाळीसारखे तिरपे बसवलेले दिसले, तर ते काम बहुधा इ.स.पू. पहिल्या शतकापासून हेड्रियनच्या काळापर्यंतच्या टप्प्यातील असते. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा होता. तेवढी खूण केलेली दोरी खिशात ठेवली, तर खोल्यांची मापे पूर्ण फुटांत बसताना पाहून वेगळाच आनंद होतो.

यानंतर नेपल्सचा टप्पा येतो. तेथून सोरेंतोकडे जाणाऱ्या एकाच लोकल मार्गावर एर्कोलानो स्काव्ही हे स्थानक हर्क्युलेनियमसाठी आणि पोम्पेई स्काव्ही हे पोम्पेईसाठी आहे. हर्क्युलेनियम आधी पाहावे. इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते तप्त राखेच्या लोटांखाली जवळजवळ वीस मीटर गाडले गेले, त्यामुळे तेथे जळून कोळसा झालेल्या तुळया, दारे आणि वरचे मजले टिकले. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पोम्पेईत प्रामुख्याने छपरे आणि लाकूड नाहीसे झालेले दिसते, आणि हर्क्युलेनियम पाहिलेल्या डोळ्यांना त्या रिकाम्या खाचांत काय होते ते भरून काढता येते.

पोम्पेईत प्रत्येक नोंद पत्त्यासह करावी. १८६३ पासून उत्खननाचे संचालक असलेल्या जुझेप्पे फिओरेल्ली यांनी शहराचे विभाग, चौक (रस्त्यांनी वेढलेले घरांचे गट) आणि दरवाजे क्रमांकित केले, ६.१२.२ म्हणजे सहावा विभाग, बारावा चौक, दुसरा दरवाजा, अर्थात ‘फॉनचे घर’ या नावाने ओळखला जाणारा प्रशस्त वाडा. आमच्या पहिल्या फेरीत मी दोनशेहून अधिक छायाचित्रे घेतली आणि पत्ता एकाचाही लिहिला नाही. त्यांतील निम्म्या भिंती कोणाच्या होत्या हे मला आजही सांगता येत नाही. छायाचित्रात मोजपट्टी आणि उत्तर दिशेची खूण हवीच, पण त्याआधी हाताने रेखाटन करावे, कारण रेखाटताना नजर प्रत्येक दरजेवर थांबते.

तेथे सर्वांत अधिक सावध राहावे ते दुरुस्तीबाबत. १७४८ पासून चाललेल्या उत्खननात प्रत्येक पिढीने भिंती उभारल्या, छपरे घातली, गिलावा केला. त्यात १९४३ च्या बाँबहल्ल्यानंतरचे पुनर्बांधकामही आले. ओस्तियातही १९३८ ते १९४२ या काळात घाईने झालेल्या उत्खननाबरोबर बरीच भर पडली. सिमेंटचा करडा चुना, एकसारख्या नव्या विटा किंवा भिंतीत मुद्दाम घातलेली सीमारेषा दिसली, की त्या रेषेच्या वरचा भाग वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दाखवावा. उद्रेकाच्या तारखेबाबतही हीच सावधगिरी उपयोगी पडते : उद्रेकाचे वर्णन करणाऱ्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली होती, परंतु २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली आणि शरद ऋतूतील उद्रेकाच्या मताला बळ मिळाले.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पोम्पेईचे तिकीट नावावर असते आणि दिवसाला वीस हजार प्रवेशांची मर्यादा आहे, म्हणून आगाऊ नोंदणी करावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. मोठी पिशवी आत नेता येत नाही. तिपाई आणि ड्रोन परवानगीशिवाय वापरू नयेत. जमिनीवरचे खापर, मोझेकचा खडा, लाव्हाचा तुकडा, काहीही उचलू नये. तो गुन्हा आहे, आणि शिवाय जागेवरून हललेले खापर अभ्यासाच्या कामाचे राहत नाही.

नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी पूर्ण दिवस शेवटी ठेवावा. ते मंगळवारी बंद असते. पोम्पेईची बहुतेक उत्तम चित्रे आणि मोझेक तेथे आहेत. ६.१२.२ मधील अलेक्झांडरच्या लढाईचे मोझेक १८४३ मध्ये नेपल्सला नेण्यात आले, घराच्या जमिनीवर आज प्रतिकृती आहे. म्हणून पोम्पेईत प्रत्येक रिकाम्या चौकटीच्या नोंदीसमोर एक ओळ कोरी सोडावी, आणि संग्रहालयात वस्तू शोधून तिचा क्रमांक त्या ओळीत लिहावा.